इंग्लंड कोण होणार?

कुईऽऽ... कुईऽऽ... कुईऽऽ...

पृथ्वी फिरताना असा आवाज करते. तुम्ही ऐकला नसेल. मी ऐकला आहे. अजून कुठे विहिरीचा रहाट कुरकुरला की मला आधी आफ्रिका आठवते!

ही पृथ्वी पत्र्याची होती. लाकडी खोक्यात गवत घालून ठेवलेली. मोटारीच्या टपावरून, बैलगाडीतून, आणि काहीच मिळालं नाही तर माझ्या डोक्यावरून ती सातारा-सांगलीच्या शाळाशाळांतून हिंडली. त्या हिंडण्यात जे जे झालं ते मी फारसं कुणाला सांगितलं नाही. मला बोलायला वेळ लागतो आणि लोकांना ऐकायला वेळ नसतो. पण न सांगितलेले किस्से माळ्यावरच्या सामानासारखे साचत जातात. एक काढायला जावं, तर चार अंगावर येतात. आता नात म्हणते, "आजोबा, लिहून काढा." माझी शाळा चौथीपर्यंत. पण हायस्कुलात शिपाई म्हणून जन्म गेला. लाल शाईनं चुका काढणारे खूप पाहिलेत. काढा चुका!

तर, दुसरी मोठी लढाई संपून वर्ष झालं होतं. युनिव्हर्सिटीनं ठरवलं की, जगात पुन्हा अशी मारामारी व्हायला नको असेल तर शाळेतल्या पोरांना जगाची ओळख पाहिजे. म्हणून युनिव्हर्सिटी आणि आमच्या भागातली हायस्कुलं यांनी मिळून एक योजना काढली. कॉलेजातले मोघे सर महिन्यातून दोनदा पुण्याहून यायचे आणि गावोगावच्या शाळांत देशोदेशींच्या गोष्टी सांगायचे. शाळांच्या बाजूनं एक मास्तर त्यांच्याबरोबर हिंडायचे. ते आमच्या साताऱ्याच्या हायस्कुलातले इंग्रजीचे उपाध्ये मास्तर. आणि पृथ्वी उचलायला मी.

हेडमास्तरांनी मला बोलावून सांगितलं, "गणू, आजपासून जग तुझ्या ताब्यात."

घरी येऊन मी हे बायकोला सांगितलं. ती म्हणाली, "बरं झालं. आता जग खाली ठिवा आन् दोन हांडं पानी आना."

* * *

उपाध्ये मास्तरांची ओळख आधी करून देतो, कारण पुढचं सगळं त्यांच्याभोवती आहे.

मास्तर मूळचे वाईचे. अंगात लांब कोट, खाली धोतर आणि डोक्यावर खाकी सोला हॅट. इंग्रजीवर त्यांचं एवढं प्रेम की बोलायला लागले की थांबत नसत. शाळेत म्हणायचे, उपाध्ये मास्तरांनी 'गुड मॉर्निंग' म्हटलं की ऐकणाऱ्याची दुपार होते!

त्यांचा एकुलता एक मुलगा वसंता. बेचाळीसच्या चळवळीत तो कॉलेज सोडून भूमिगत झाला, पुढे तुरुंगात गेला. सुटून घरी आला तर दारातल्या खुंटीवर ती हॅट. तो उंबऱ्यातच थांबला.

"ही हॅट घरातून जाईल त्या दिवशी मी घरात येईन," तो म्हणाला.

"हॅट मी माझ्या पहिल्या पगारात घेतली आहे," मास्तर म्हणाले. "इंग्लंडच्या राजानं अहेर केलेला नाही. मला ऊन सोसत नाही. डोकं चढतं."

"टोपी घाला. पागोटं घाला."

"हॅटच घालणार!"

झालं. वसंता आल्या पावली परत गेला आणि सांगलीला एका शाळेत इतिहासाचा मास्तर झाला. हॅट खुंटीवर राहिली. आणि काकू, म्हणजे मास्तरांची बायको, दोघांच्या मधे राहिल्या. सणाला तीन पानं वाढायच्या आणि एक उचलून ठेवायच्या. हे मी पाहिलेलं आहे, कारण ते पान पुष्कळदा मीच जेवलो आहे. काकू समोर बसायच्या.

मास्तर मात्र गावात सगळ्यांना सांगायचे, "वसंताला सांगलीची हवा मानवते."

* * *

त्या काळी पेट्रोल मिळत नव्हतं, म्हणून सर्व्हिस मोटारी कोळशावर चालायच्या. मागं भट्टी बांधलेली. क्लीनर पंखा फिरवून ती पेटवायचा, आणि चढ आला की उतारूंनी उतरून ढकलायचं.

पहिल्याच फेरीला कंडक्टरनं माझ्या खोक्यावर थाप मारली.

"काय हाय ह्यात?"

"पृथ्वी," मी म्हणालो.

"जिती हाय का मेल्याली?"

मोघे सर पुढच्या सीटवरून म्हणाले, "अहो, पृथ्वीचा गोल आहे तो!"

"तसं न्हवं सायेब. कोंबडं असंल तर तिकीट पडतंय, म्हनून इचारलं."

घाटात मोटार बंद पडली. सगळे उतरून ढकलायला लागले. टपावर खोक्यातली पृथ्वी 'कुईऽ कुईऽ' करत होती. ढकलता ढकलता एक म्हातारा कंडक्टरला म्हणाला, "कोंबडंच हाय गड्या. वरडतंय बघ!"

कंडक्टरनं पृथ्वीचं तिकीट फाडलं.

* * *

जतच्या बाजूला एका गावात गेलो. सगळा माळ, मेंढरं आणि ज्वारीची धाटं. शाळा म्हणजे देवळाला लागून एक लांब खोली. आम्ही बैलगाडीतून उतरलो. पुढे हॅट घातलेले मास्तर, मागे कोटातले मोघे सर, आणि त्यांच्या मागे डोक्यावर खोकं घेतलेला मी.

आतून एकच आरोळी उठली आणि खिडक्यांतून पोरं भदाभदा बाहेर पडायला लागली! बघता बघता शाळा रिकामी. पोरं माळावर पांगली. दोघं तर मेंढरांच्या कळपात शिरून ओणवी चालायला लागली. शाळेतले गुरुजी कपाळाला हात लावून दारात उभे.

"काय झालं?" मोघे सरांनी विचारलं.

"साहेब, हॅट काढा ह्यांची आधी," गुरुजी म्हणाले. "इकडं हॅट घालून फक्त देवी टोचणारा डॉक्टर येतो! आणि तुमच्या खोक्यात सुया आहेत असं वाटलं त्यांना."

मास्तर हॅट काढायला तयार नाहीत. "मला ऊन सोसत नाही!" म्हणाले. शेवटी ते देवळाच्या सावलीत जाऊन बसले, हॅट माझ्या पिशवीत गेली आणि मग एकेक पोर दंडावर हात दाबून आत आलं.

पोरांच्या मागोमाग चार-पाच मोठी माणसंही येऊन बसली. मोघे सरांनी पृथ्वी फिरवली. घोंगडं पांघरलेला एक धनगर बराच वेळ बघत होता. त्यानं विचारलं, "ही निळं निळं काय हाय?"

"पाणी. समुद्र. पृथ्वीवर जमिनीपेक्षा पाणीच जास्त आहे."

"एवढं पानी!" तो गुडघ्यावर उठून बसला. "आन् आमी दोन कोसांवरनं आनतूय!"

"पण ते खारट आहे. पिता येत नाही."

म्हातारा परत खाली बसला. शेजारच्याला म्हणाला, "आपल्या हिरीवानीच की रं. मग रंग कशापायी वाया घालवला?"

* * *

एका लहानशा संस्थानात गेलो तर तिथे आमचं स्वागत करायला खुद्द कारभारी आले. जरीचं पागोटं, हातात चांदीच्या मुठीची काठी. त्यांनी पृथ्वीभोवती एक प्रदक्षिणा घातली.

"आमचं संस्थान कुठं आहे यात?"

मोघे सरांनी हिंदुस्थानावर बोट ठेवलं. "साधारण इथे."

"साधारण?" कारभाऱ्यांची काठी आपटली. "महाराजांना जाऊन 'साधारण' म्हणून सांगू?"

मोघे सर समजावायला लागले, की मुंबईसुद्धा यावर मुगाएवढी आहे. कारभारी म्हणाले, "मुंबईचं मुंबई बघेल. आमचं दाखवल्याशिवाय व्याख्यान सुरू होणार नाही!"

तेव्हा उपाध्ये मास्तर पुढे झाले. खिशातून फाउंटन पेन काढलं आणि मोघे सर "अहो, अहो" म्हणेपर्यंत एक ठिपका दिला. पेन गळकं होतं. शाई पत्र्यावर पसरत गेली. पश्चिमेला मुंबई गेली, खाली मद्रास गेलं, सिलोनही अर्धं बुडालं.

कारभारी वाकले, चष्मा सारखा केला आणि बराच वेळ पाहिलं.

"आता बरोबर आहे," ते म्हणाले. "करा सुरू!"

तो डाग शेवटपर्यंत निघाला नाही. पुढच्या शाळांत पोरं विचारायची, "सर, हे काळं काय?" मोघे सर माझ्याकडे बघायचे. मी म्हणायचो, "संस्थान."

* * *

साताऱ्याकडची खेडी म्हणजे घरटी एक तरी माणूस पलटणीत. अशाच एका गावात मोघे सर इजिप्त शिकवत होते. मागे चावडीवरची रिकामी माणसं बसलेली, त्यात एक पेन्शनीत निघालेला हवालदार.

"इजिप्तमध्ये काय प्रसिद्ध आहे, कुणी सांगेल?" सरांनी विचारलं.

हवालदार खाडकन उठून सावधान उभा राहिला.

"सांगतो, सर! वाळू, उंट आन् आमच्या सुभेदाराचा मेव्हणा!"

"मेव्हणा?"

"व्हय, सर! कॅन्टीन त्येच्याकडंच हुतं. एवढं दूध घालायचा च्यात." त्यानं करंगळीचं पेर दाखवलं.

पुढे वर्षभरानं त्या शाळेत परीक्षा झाली. इजिप्तच्या प्रश्नाला साऱ्या वर्गानं तेच तीन जिन्नस लिहिले होते!

* * *

सांगलीला वसंताच्या शाळेत जायची पाळी आली तेव्हा आदल्या दिवशी काकूंनी मला परसदारी बोलावलं. पदराखाली पितळी डबा.

"बेसनाचे लाडू आहेत. वसंताला दे. ह्यांना कळू देऊ नकोस."

मी डबा खोक्यात पृथ्वीच्या बुडाशी गवतात लपवला. मोटारीत बसलो. मोटार सुरू झाली, गावाबाहेर पडली, आणि मास्तर खिडकीतून बाहेर बघत म्हणाले, "गणू, खोकं आडवं होऊ देऊ नकोस. लाडू फुटतील."

मी खोकं मांडीवर सरळ धरलं.

सांगलीच्या शाळेत वसंतानं आमची वर्गाशी ओळख करून दिली. खादीचा सदरा, खादीची टोपी, आवाज अगदी बापाचा. "हे प्रोफेसर मोघे. हे गणूभाऊ, पृथ्वी यांच्याजवळ असते. आणि हे..." त्यानं टोपी सारखी केली. "हे साताऱ्याहून आलेले गृहस्थ."

गृहस्थांनी हॅट सारखी केली.

मोघे सरांनी पृथ्वी टेबलावर ठेवायला लावली आणि पोरं हसायला लागली. पृथ्वीला मुंग्या लागल्या होत्या! आफ्रिकेतून निघालेली रांग अरबस्तानावरून सरळ हिंदुस्थानात शिरत होती.

मोघे सर हुशार माणूस. म्हणाले, "पाहा मुलांनो! प्राचीन काळी व्यापार याच मार्गानं चालायचा!"

पुढच्या बाकावरचा एक पोरगा उठून खोक्यात डोकावला. "सर, ह्यांचा माल खाली डब्यात हाय!"

"कसला डबा?" मोघे सरांनी माझ्याकडे पाहिलं. मी मास्तरांकडे पाहिलं. वसंताचे कान लाल झाले.

"नकाशांचा," मास्तर ठासून म्हणाले.

"नकाशांना तुपाचा वास येतोय, सर!"

"जुने नकाशे आहेत," मास्तर म्हणाले, आणि लगेच इंग्रजीत भाषण सुरू केलं. ते मधली सुट्टी होऊन गेली तरी चाललं होतं.

मी निघताना वसंता नळापाशी डबा घासत होता. एकही लाडू उरला नव्हता. माझ्याकडे न बघता त्यानं विचारलं, "गणूभाऊ, उन्हानं त्यांचं डोकं अजून चढतं का?"

"हॅट असली की नाही चढत," मी म्हणालो.

त्यानं डबा आणखी एकदा घासला. तो आधीच लख्ख झाला होता.

* * *

वर्षाच्या शेवटी साताऱ्याला आमच्या हायस्कुलात 'जगसभा' भरवायची ठरली होती. प्रत्येक शाळा एकेक देश होणार आणि पोरं त्या त्या देशाच्या वतीनं बोलणार. युनिव्हर्सिटीचे मोठे साहेब ती बघायला येणार होते. गावोगावी तिच्या तालमी सुरू झाल्या.

पाटणला देवळाच्या ओसरीवर तालीम चालली होती. एक पोरगा रशिया, एक अमेरिका. मधे खडूची रेघ. रशिया म्हणत होता, रेघ तिकडे सरकवा. अमेरिका म्हणत होता, एक बोटभर सरकणार नाही. दोघांनी भाषणं चांगली पाठ केली होती, आवाज चढले. तेवढ्यात देवाला आलेले एक म्हातारे पाटील काठी टेकत मधे शिरले.

"आवं, भांडताय कशाला? बांधाचाच वाद हाय न्हवं?"

मोघे सर म्हणाले, "पाटील, ही तालीम आहे. हा रशिया आणि हा अमेरिका."

"कोन का असंनात. शेजारी हायती न्हवं?" पाटलांनी काठीनं खडूची रेघ दाखवली. "हितं मधी एक बाभूळ लावा. बांध हालायचा न्हाई."

"पण बाभूळ कुणाची?" अमेरिकेनं विचारलं.

"काटं दोगांचं," पाटील म्हणाले. "आन् आता गपगुमान हात मिळवा. मी बघतुया."

पोरांनी घाबरून हात मिळवले. अध्यक्षांची घंटा वाजायची राहूनच गेली.

* * *

मग देशांची वाटणी झाली आणि भांडणं खरी लागली.

एका शाळेला लक्झेंबर्ग आला. तिथले हेडमास्तर तावातावानं भेटायला आले. "आमची शाळा म्हणजे काय लक्झेंबर्ग? आमच्याकडं दोन खोल्या नव्या बांधल्यात!" त्यांना ब्राझील दिला. संस्थानच्या कारभाऱ्यांनी कळवलं, की राजा असलेला देश मिळाला तरच पोरं पाठवू. त्यांना सयाम दिला. सांगलीची पोरं हिंदुस्थान झाली. सगळे देश गेले. एक उरला, तो आमच्या हायस्कुलाच्या वाट्याला आला.

"इंग्लंड कोण होणार?" हेडमास्तरांनी वर्गात विचारलं.

सगळी पोरं बाकाखाली बघायला लागली.

आमच्या भागात बेचाळीसनंतर काय काय झालं ते सगळ्यांना ठाऊक आहे. कुणाचा काका तुरुंगात जाऊन आलेला, कुणाच्या घरावर जप्ती आलेली. इंग्लंड व्हायला कोण तयार होणार? एका पोराला हेडमास्तरांनी कसंबसं राजी केलं. दुसऱ्या दिवशी सकाळी त्याची आई शाळेत हजर.

"आवं, माज्या पोरानं असं काय केलं? त्येच्या आज्जीनं त्येला घरात घेतलं न्हाई. दारातच डोक्यावनं पानी वतलं! दुसरा कंचा बी देश द्या त्येला."

"बाई, दुसरा देश शिल्लक नाही."

"मग जर्मनी द्या, पायजे तर! हारल्याला चाललं, पर ह्यो नगं!"

पोर इंग्लंडातून सुटलं. दुसरं कुणी तयार होईना. सभा चार दिवसांवर आली. मोघे सर डोकं धरून बसले. "इंग्लंडशिवाय सभा कशी करायची? हिंदुस्थान बोलणार कुणाशी?"

कोपऱ्यात पेपर तपासत बसलेले उपाध्ये मास्तर उठले. खुंटीवरची हॅट घेतली, डोक्यावर ठेवली.

"मी होतो इंग्लंड. निदान इंग्रजी तरी शुद्ध बोलेन."

ही बातमी कळली त्या दिवशी काकूंनी चूल पेटवली नाही. मला परसदारी बोलावून म्हणाल्या, "गणू, हॅट होती तोवर माझी थोडी तरी आशा होती. आता हे आख्खं इंग्लंडच होऊन बसले. कसा येईल माझा वसंता?"

* * *

मास्तरांनी इंग्लंडचं भाषण लिहिलं. चार दिवस मला समोर बसवून म्हणून दाखवलं. मला त्यातला शब्द कळत नव्हता, पण कुठे थांबायचं, कुठे हात वर करायचा आणि कुठे खोकायचं, ते सगळं मला पाठ झालं होतं.

सभेच्या दिवशी कडक ऊन होतं. मार्च सरत आला होता. हॉलमध्ये देश गाद्यांवर बसले होते; इंग्लंड आणि हिंदुस्थानाला तेवढी समोरासमोर खुर्ची-टेबलं. सयाम जरीचा फेटा बांधून लोडाला टेकला होता. रशिया आणि अमेरिकेच्या मधे पाटणच्या पोरांनी कुंडीत बाभळीची फांदी आणून ठेवली होती. मोठे साहेब पहिल्या खुर्चीत, मोघे सर अध्यक्ष. घंटा वाजवायला मी.

हेडमास्तर माझ्या कानाला लागले. "गणू, उपाध्यांची पाच मिनिटं झाली की घंटा वाजव."

"आणि थांबले नाहीत तर?"

"तर शाळा सुटल्याची वाजव!"

सांगलीची मंडळी सगळ्यांत शेवटी आली. कोळशाच्या मोटारीनं वाटभर धूर ओकला होता. हिंदुस्थान झालेल्या पोराचा घसा बसला होता. तोंड उघडलं की नुसती हवा यायची. मोघे सर घाबरे झाले. पोराबरोबर आलेला वसंता दारात उभा होता. तो पुढे आला.

"मुलाचा आवाज गेला आहे. त्याच्या जागी मी बोलतो."

समोर इंग्लंडच्या खुर्चीत मास्तर. डोक्यावर हॅट, हातात भाषणाची सुरळी. दोघांनी एकमेकांकडे पाहिलं. हेडमास्तर माझ्याकडे पाहायला लागले. मी घंटेकडे पाहिलं.

"अध्यक्ष महाराज," वसंता म्हणाला, "आमच्या घरात एक पाहुणे फार दिवस राहिले आहेत. ते म्हणतात, त्यांनी आम्हाला पुष्कळ शिकवलं. शिकवलं असेल. आम्ही ते विसरणार नाही. पण त्यांची हॅट आमच्या खुंटीवर आहे, आणि घरचा माणूस दाराबाहेर आहे. आईनं किती दिवस वाट बघायची? आमचं त्यांच्याशी वैर नाही. आमचं एवढंच विचारणं आहे, की ते कधी निघणार?"

पोरांनी टाळ्यांनी हॉल डोक्यावर घेतला. सयामसुद्धा लोड सोडून उठला.

मोघे सर म्हणाले, "आता इंग्लंड उत्तर देईल."

सगळे सावरून बसले. मोठ्या साहेबांनी खिशातलं घड्याळ काढून समोर ठेवलं. मागच्या पोरांनी भिंतीला पाठ टेकली. मी पाण्याचा तांब्या मास्तरांच्या हाताशी नेऊन ठेवला, कारण दुसऱ्या पानानंतर त्यांना पाणी लागायचं.

मास्तर उठले. सुरळी उलगडली. सुरुवातीचा खोकला खोकले.

मग थांबले. सुरळी परत गुंडाळली आणि कोटाच्या खिशात घातली. दोन्ही हातांनी डोक्यावरची हॅट उचलली. ती हिंदुस्थानच्या पुढ्यातल्या टेबलावर ठेवली, अगदी हळू, आत काही ठेवलेलं असावं तशी. आणि गाद्यांच्या मधून चालत दाराबाहेर गेले.

माझ्या हातात घंटा तशीच.

"वा!" मोठे साहेब एकदम उभे राहिले आणि टाळ्या वाजवायला लागले. "वा! काय कल्पना आहे! प्रोफेसर, हे बसवलं कुणी?"

मोघे सरांचं तोंड उघडं. ते हेडमास्तरांकडे पाहायला लागले. हेडमास्तर बाभळीच्या फांदीकडे.

वसंता तेवढा दाराकडे पाहत होता. दारातून समोरचं पटांगण दिसत होतं. एक झाड नाही, भर दुपारचं ऊन. त्या उन्हातून मास्तर बोडक्या डोक्यानं घराच्या वाटेला लागले होते.

वसंतानं टेबलावरची हॅट उचलली. खादीच्या बाहीनं तिच्यावरची धूळ पुसली. ती हातात धरून तो उन्हात त्यांच्या मागे निघाला.